नुसता मारणारा

रविवारी ह्यांची मॅच असली की मी जाळीमागे बसायची. मैदानाच्या एका टोकाला, मारणारा जिथं उभा राहतो त्याच्या बरोबर मागे, उंच लोखंडी जाळी आहे. सुटून आलेला चेंडू कुणाला लागू नये म्हणून लावलेली. तिथं दुसरं कुणी बसत नाही. बाकीच्यांच्या बायका कडेला गवतावर चादरी टाकून बसतात, एकमेकींना खायला देतात, हसतात. त्यांच्यात गेलं की बोलावं लागतं. इंग्रजी मला समजतं, कामापुरतं बोलताही येतं, पण माझं वाक्य तोंडातून निघेपर्यंत समोरचीनं विषय बदललेला असतो. जाळीमागे तसं नाही. ह्यांची पाठ दिसते, त्यांच्या पायापुढची पांढरी रबरी पाटी दिसते, आणि पिचरनं फेकलेला चेंडू सरळ आपल्याकडेच येताना दिसतो.

खेळ बेसबॉलचा. आमच्या अमरावतीकडे शाळांतून सॉफ्टबॉल खेळतात, हा त्याचाच थोरला भाऊ. हे शाळेत असताना जिल्ह्याकडून खेळले, मग राज्याकडून. त्यावर नोकरी लागेल असं सगळ्यांना वाटलं होतं. लागली नाही. नागपूरच्या एका हॉटेलात भट्टीवर उभे राहिले, तिथून मुंबई, तिथून इथं लंडनजवळ हाउन्सलोला तंदूरवाला म्हणून आले. मी मागून आले. विमानतळाजवळच्या हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत मला काम मिळालं. पहिली बरीच वर्षं खेळ नव्हताच. मग एकदा आम्ही बाजार करून बसनं येत होतो. बागेत काही माणसं बॅट घेऊन उभी होती. ती दिसली तसे हे घंटी वाजवून मधल्याच स्टॉपवर उतरले. मी पिशव्या घेऊन घरी गेले. संध्याकाळी आले ते गुडघ्यापर्यंत मातीनं भरून.

"त्यायच्याजवळ एक माणूस कमी होता," एवढंच म्हणाले.

तंदूरवर माणसाची नुसती पाठ दिसते. हॉटेलात ह्यांना कुणी नावानं हाक मारत नाही. दारातून नान, रोटी ओरडतात आणि हे आतून देतात. मैदानावर मात्र ह्यांना ओळखत. ह्यांनी मारलेला चेंडू कुंपणापलीकडच्या झाडांत जायचा. हे बॅट घेऊन निघाले की समोरची माणसं आपणहून मागे सरकायची. टीमचा कॅप्टन एक गोरा प्लंबर होता, लालबुंद मानेचा, मनानं चांगला. तो ह्यांच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना सांगायचा, ह्याला फक्त तिथं उभा करा, पुढचं तो बघतो. परतीच्या बसमध्ये हे खिडकीशी बसून स्वतःच्या तळहाताकडे बघत राहायचे. आठवड्यातून तेवढंच ते असे दिसायचे. सोमवारपासून पुन्हा भट्टीच होती.

पन्नाशी आली तसे गुडघे गेले. तंदूरसमोर सिमेंटच्या फरशीवर उभं राहून राहून गेले असावेत. पळणं बंद झालं, वाकणं बंद झालं. पण ह्या खेळाच्या नियमात एक जागा अशी असते, की तो माणूस चेंडू पकडायला, फेकायला मैदानात उतरतच नाही. आपली पाळी आली की फक्त मारायला जातो. कॅप्टननं ती जागा ह्यांना दिली.

"आता मी नुसता मारणारा," हे घरी येऊन म्हणाले. खूश होते.

मला ते ऐकून बरं वाटलं नव्हतं. जो पकडतो, फेकतो, पळतो, त्याचा एखादा दिवस मारण्यात वाईट गेला तरी बाकीच्या कामावर निभावतं. नुसत्या मारणाऱ्याजवळ दुसरं काही नसतं. मारलं नाही तर तो तिथं कशाला आहे, असा प्रश्न कुणीही विचारू शकतो.

त्याच सुमारास टीममध्ये एक पुण्याचा आला. तिशीतला, कॉम्प्युटरवाला. कंपनीनं आधी अमेरिकेला पाठवलं होतं, तिथं हा खेळ शिकला. ह्यांना काका म्हणायचा, मला काकू. माझ्याशी बोलायला एकटा तोच जाळीमागे यायचा, आणि मी काही बोलले नाही तरी त्याला वाईट वाटायचं नाही. ह्यांची चेष्टा करायचा.

"काका, बॉल गेला पण. तुम्ही अजून त्याला नमस्कार करताय."

"तुझ्या बापाच्या वयाचा आहो मी."

"म्हणून तर काका म्हणतो. नाहीतर दादा म्हटलं असतं ना."

हे हसायचे. सुरुवातीला.

ताकद गेली नव्हती. लोकांना वाटतं म्हातारपणी आधी ताकद जाते. ह्यांच्याकडे बघून मला कळलं की ती सगळ्यात शेवटी जाते. कांद्याचं अख्खं पोतं अजूनही एकटे उचलत. बॅटवर चेंडू आला तर अजूनही झाडांतच जायचा. पण तो येतच नव्हता. पिचरच्या हातातून चेंडू सुटला की क्षणभर बघायचं आणि मग बॅट काढायची, असं आधी चालायचं. आता बघत बसलं तर चेंडू मागे पकडणाऱ्याच्या हातमोज्यात येऊन आदळायचा, माझ्या तोंडासमोर. म्हणून हे बघायच्या आधीच ठरवायला लागले. अंगाजवळ आत येईल, लांब बाहेर जाईल, काहीतरी धरून चालायचं आणि बॅट फिरवायला सुरुवात करायची. अंदाज बरोबर आला की झाडांत. चुकला की रिकामी हवा. अंदाज चुकणं वाढत गेलं.

तीन वेळा हुकलं, किंवा पाटीवरून सरळ आलेला चेंडू नुसता सोडला, की मारणारा बाद. हे बाद होऊन बाकावर परत यायचे आणि कारण सांगायचे. विमान डोक्यावरून गेलं. समोरच्या पांढऱ्या व्हॅनमुळं चेंडू दिसला नाही. बॅट जड झाली. मग हलकी बॅट आणली. चष्मा बदलला. चष्म्याच्या दुकानातल्या बाईनं साखर तपासून घ्या म्हणून सांगितलं, तीही तपासली, गोळ्या सुरू झाल्या. काही फरक पडला नाही.

ह्यांचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे आमचं घरामागचं अंगण. शाळेत ह्यांच्या सरांकडे चेंडू पुरेसे नव्हते, तेव्हा सर हरभऱ्याचे दाणे फेकायचे आणि पोरं काठीनं ते मारायची. दाणा मारता आला तर चेंडू कलिंगडाएवढा दिसतो, असं ते सर म्हणत. ती सवय ह्यांनी इथंही ठेवली. रविवारी सकाळी चहा झाला की हे मॉपचा दांडा घेऊन कुंपणाशी उभे राहायचे आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून काबुली चणे फेकायची. एकामागून एक. चणा दांड्यावर बसला की टिक्‌ आवाज व्हायचा आणि तो शेजाऱ्याच्या शेडवर जाऊन पडायचा. कबुतरं टपून बसलेली असत. मैदानावर सगळं हुकायला लागलं, तरी अंगणात ह्यांचा चणा क्वचितच हुके.

"पाह्यलं?" हे म्हणायचे. "डोळा शाबूत आहे. तिथंच काहीतरी गडबड आहे."

मलाही तसंच वाटे. एवढासा चणा ज्याला दिसतो त्याला चेंडू का दिसू नये?

मग लाँड्रीत एकदा इस्त्रीच्या रोलरजवळ माझा उजवा हात भाजला. त्या रविवारी हाताला पट्टी होती. चणे डाव्या हातानं फेकले. ह्यांचे सगळे हुकले.

"अवं, कसे फेकून राह्यली? नीट फेक ना."

"डाव्या हातानं असेच जातात."

"मग राहू दे."

दांडा भिंतीला टेकवून हे आत गेले. मी तिथंच उभी राहिले. डाव्या हातानं मी वाईट फेकले नव्हते. चणे वेडेवाकडे गेले नव्हते, सगळे ह्यांच्या छातीच्या आणि कमरेच्या मधेच गेले होते. एखादा उंच, एखादा खाली, जसे कुणीही फेकेल. मग उजव्या हातानं मी काय करत होते, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं फेकून त्या हाताला ह्यांचा दांडा कुठून कसा येतो ते पाठ झालं होतं. खांदा हलला की हात थांबायचा, दांडा निघाला की चणा सोडायचा, आणि सोडायचा तिथंच, जिथं दांडा येणार. भाकरी थापताना हात आपोआप फिरतो, तसं. चणा लागत होता तो ह्यांना दिसत होता म्हणून नव्हे. मी दांड्यावर चणा टाकत होते.

तो आठवडा मी कामावर चादरींच्या घड्या घालताना हाच विचार करत होते. सांगावं की नाही. न सांगितलं तर हे अंगणावर विश्वास ठेवून पुढं जात राहणार. एव्हाना चेंडू लवकर गाठावा म्हणून हे त्या पांढऱ्या पाटीवर पुढे झुकायला लागले होते, दर रविवारी थोडे जास्त. तो चेंडू काही चणा नाही, दगडासारखा घट्ट असतो. आणि सांगितलं तर ह्यांच्याजवळ तळहाताकडे बघत बसण्याचा जो एक दिवस उरला होता, तो जाणार. तोंडानं सांगणं मला जमलंच नसतं. आमच्या संसारात मोठ्या गोष्टी मी कधी तोंडानं सांगितलेल्या नाहीत.

हात बरा झाला. पुढच्या रविवारी हे दांडा घेऊन उभे राहिले. मी उजव्या हातानं फेकायला लागले, पण ह्यांच्याकडे न बघता. मागच्या कुंपणाच्या एका फळीकडे बघून फेकले. ह्यांचा पहिला हुकला. दुसरा हुकला. एक टोकाला लागून खाली पडला. मग हुकतच गेले. शेवटी ह्यांनी दांडा खाली केला.

"मुद्दाम करून राह्यली का तू?"

"आता नाही," मी म्हटलं. "आधी करत होते वाटते. मलेच समजत नव्हतं."

ह्यांनी दांडा कुंपणाला टेकवला. म्हणाले, "केव्हापासून?"

"मले काय माहीत."

हे बूट घालायला लागले. गुडघा दुमडत नाही म्हणून पायरीवर बसून घालतात, तसे. मला वाटलं आज जाणार नाहीत. पण पिशवी उचलली आणि म्हणाले, "चाल, बस निघून जाईल."

त्या दिवसापासून ह्यांनी मैदानावर बॅट फिरवायचंच सोडलं. नियम असा आहे की पिचरनं चार चेंडू पाटीपासून लांब फेकले तर मारणाऱ्याला काहीही न करता पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या थांब्यावर, चालत जाता येतं. आणि ह्यांना सगळे पिचर घाबरत होते. झाडांत गेलेले चेंडू त्यांना आठवत होते, म्हणून ते ह्यांना जवळ चेंडू द्यायचेच नाहीत. हे नुसते उभे राहायचे, बॅट खांद्यावर, चेहरा रागीट. चार चेंडू लांबून जायचे आणि हे लंगडत पहिल्या बेसवर जायचे. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

"काका, तुम्ही तर एकदम स्मार्ट झालात," पुण्याचा म्हणाला. "ह्या वयात अक्कल येते म्हणतात ते खरं आहे."

"तुले कधी येईन मग?"

"मला कशाला? माझे हात चालतात अजून."

सगळे हसले. कॅप्टनही खूश होता. त्याला वाटलं म्हातारा धीर धरायला शिकला. मला जाळीमागून ह्यांचा खांदा दिसायचा. तो कधी हलायचाच नाही. जवळ आलेल्या चेंडूलासुद्धा नाही. हे आपल्या जुन्या नावावर जगत होते, आणि ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. रविवारी सकाळी अंगणात कुणी गेलं नाही. कबुतरं काही दिवस येत राहिली.

उन्हाळा संपत आला तेव्हा दुसऱ्या गावाची एक टीम आली. त्यांचा पिचर नवीन होता, शिडशिडीत, कुणाकडेही न बघता काम करणारा. त्यानं ह्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. ह्यांची पहिली पाळी आली. त्यानं सरळ मधोमध फेकला. हे उभे. पुन्हा मधोमध. हे उभे. तिसराही तसाच. बॅट खांद्यावर असतानाच हे बाद झाले. दुसऱ्या पाळीला पुन्हा तेच झालं. बाकावर आले तेव्हा कुणी काही बोललं नाही. पुण्याचाही नाही. चेष्टा थांबली ते मला आवडलं नाही.

शेवटची पाळी आली तेव्हा आमची टीम थोडक्यात मागे होती. दोन बेसवर आपली माणसं उभी होती. एक चांगला फटका बसला असता तर जिंकलो असतो. कॅप्टननं ह्यांच्याकडे पाहिलं, मग पुण्याच्याकडे पाहिलं. ह्यांच्याऐवजी त्याला पाठवावं असं त्याच्या मनात आलं होतं, ते मला तिथून दिसलं, म्हणजे ह्यांनाही दिसलं असणार. तो काही म्हणायच्या आधीच हे बॅट घेऊन उठले.

पहिला चेंडू मधोमध. हे उभे राहिले.

"काका, मारा ना," पुण्याचा ओरडला. तो चिडला होता, मनापासून. "नुसते उभे काय राहताय? मारा."

दुसऱ्या चेंडूला ह्यांनी मारायचं ठरवलं. चेंडू सुटायच्या आधीच मला ते पाठीवरून कळलं. चेंडू बाहेरच्या बाजूला येणार असं धरून हे पाटीवर झुकले, इतके पुढे की पाटी मला दिसेनाशी झाली. बॅट निघाली. आवाज आला तो लाकडाचा नव्हता. बॅट पडली आणि हे उजवा हात पोटाशी धरून खाली बसले.

चेंडू लागला तर मारणाऱ्याला फुकट बेस मिळतो. पण बॅट फिरवताना लागला तर मिळत नाही, तो हुकलाच धरतात. अंपायरनं तसंच सांगितलं. त्यावर कॅप्टन त्याच्याशी भांडला. मी जाळीला वळसा घालून मैदानात गेले. एवढ्या वर्षांत मैदानाच्या आत मी पहिल्यांदाच गेले होते. ह्यांची मधली दोन बोटं भलतीकडे वळली होती. कॅप्टन, पुण्याचा, समोरच्या टीमची माणसं, सगळे ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून एकच म्हणत होते, फार आत आला होता चेंडू, नशीब खराब, कुणालाही लागला असता. उरलेली पाळी खेळायला पुण्याचा गेला.

कॅप्टननं त्याच्या व्हॅनमधून आम्हाला हॉस्पिटलात सोडलं. इमर्जन्सीत बसायला सांगितलं. समोर एक लहान मूल खोकत होतं, त्याची आई फोनवर बोलत होती. ह्यांनी हात टॉवेलमध्ये धरला होता. हात तंदूरचा, त्याच बोटांनी कापडाच्या गादीवर पसरलेली रोटी भट्टीच्या भिंतीला लावायची. खूप वेळ बसल्यावर ह्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"तू मागंच होती ना?"

"हो."

"चेंडू आत आला होता?"

सगळ्यांनी सांगितलं होतं की आत आला होता. मी हो म्हटलं असतं तर ते पक्कं झालं असतं. पुढच्या उन्हाळ्यात हे पुन्हा उभे राहिले असते.

"नाही," मी म्हटलं. "मधोमध होता."

"मग लागला कसा?"

"तुम्ही मधे होते."

ह्यांनी मान हलवली. डोळे मिटून घेतले. आत बोलावलं तेव्हा मी ह्यांची पिशवी घेऊन मागे गेले.

बोटं जुळली, पण एक सरळ होत नाही. मालकानं ह्यांना तंदूरवरून काढून कांदे-टोमॅटो चिरायला बसवलं. कामावरून काढलं नाही, हे उपकारच म्हणायचे. तंदूरवर आता दुसरा माणूस आहे. हे त्याच्या मागे स्टुलावर बसतात.

हाताला प्लास्टर असतानाच, सीझनच्या शेवटच्या रविवारी, हे मैदानावर निघाले. मी नको म्हटलं नाही. गेल्यावर सगळे भोवती जमले. कॅप्टननं प्लास्टरवर सही केली. पुढच्या वर्षी बेसपाशी उभं राहून पोरांना कधी पळायचं ते सांगायचं काम कर म्हणाला, आणि येताना नेहमीसारखं तुझं तंदुरी चिकन आण, त्याच्याशिवाय आमचा रविवार होत नाही. लोक हसले. पुण्याचा ह्यांच्याशेजारी बसला.

"काका, खरं सांगू? तो बॉल एकदम इनसाइड होता. मी असतो तर मलाही लागला असता."

"इनसाइड नव्हता," हे म्हणाले. "मधोमध होता."

"अहो नाही हो काका, आम्ही सगळ्यांनी बघितला ना."

"तुमी बाजूनं पाह्यला. हिनं मागून पाह्यला."

पुण्याचा माझ्याकडे वळला. मी काहीतरी म्हणेन अशी वाट बघत होता. मग त्याला कॅप्टननं हाक मारली. त्याची पाळी होती. तो ह्यांच्या जागी मारायला गेला. पहिल्या दोन चेंडूंवर हुकला. तिसरा कसा खेळला ते आम्ही पाहिलं नाही. हे उठले होते, आणि बस येताना दिसत होती.